सध्या रिअ‍ॅक्टमध्ये असतो

आमच्या वडिलांच्या पिढीत माणसं रेल्वेत असत, पोस्टात असत, एलआयसीत असत. ‘चिरंजीव काय करतात?’ या प्रश्नाला ‘एसटीत आहेत’ एवढं उत्तर पुरायचं. पगार किती, बदली कुठे, पेन्शन आहे की नाही आणि मुलगी द्यावी की नाही, हे पुढचं सगळं विचारणारा आपलं आपण समजून घ्यायचा. बेंगळुरूत हल्ली माणसं रिअ‍ॅक्टमध्ये असतात. काही अँग्युलरमध्ये असतात. मध्यंतरी थोडी व्ह्यूमध्ये गेली होती, त्यातली काही परत आली. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा एक जण फ्लटरमध्ये असतो आणि त्याची बायको डॉट नेटमध्ये. संसार चांगला चाललाय, फक्त जेवताना तो विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

ही काही सरकारी खाती नव्हेत, अवजारं आहेत. वेबसाइट म्हणा, अ‍ॅप म्हणा, त्यात बटण, फॉर्म, यादी, लॉगिन या गोष्टी लागतातच. त्या दर वेळी पहिल्यापासून लिहीत बसायला नको म्हणून कुणीतरी एक सांगाडा आधीच उभा करून ठेवतो. त्याला फ्रेमवर्क म्हणायचं, आणि आपलं काम त्यात भरायचं. कल्पना उत्तमच आहे. गंमत एवढीच, की या गावात आता कुणी काम सांगतच नाही. ‘मी बसच्या तिकिटाचं पान करतो’ किंवा ‘मी दवाखान्याची अपॉइंटमेंट लावून देणारं अ‍ॅप लिहितो’ असं म्हणणारा इसम मला इथे भेटलेला नाही. एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याही दर्शिनीत उभ्या टेबलाशी इडली-वडा खाणारा मुलगा तुम्हाला सांगेल, ‘फ्रंटएंडला रिअ‍ॅक्ट, बॅकएंडला नोड.’ त्या दोन एंडांच्या मधे नक्की काय चालतं, हे विचारलं की तो सांबार आणायला जातो.

बरं, रेल्वे काही तिथल्या माणसाच्या आधी रिटायर होत नव्हती. इथे तसला भरवसा नाही. गूगलचं अँग्युलरजेएस २०१० साली आलं. अर्ध्या जगाने ते शिकून घेतलं. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याचा दुसरा अवतार आला, तो पहिल्याशी काडीचाही न जुळणारा. नाव तेवढं तेच, बाकी सगळं पुन्हा शिका. त्यानंतर तिसरा आकडा गाळून थेट चौथी आवृत्ती आली. आपल्याकडे आकडा गाळतात तो लिफ्टमध्ये, आणि तोही तेरावा. जुन्या अँग्युलरला २०२१ च्या शेवटी निरोप देण्यात आला. नवं रिअ‍ॅक्ट अ‍ॅप एका आज्ञेत उभं करून देणारं ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ २०१६ साली जन्मलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे सेवानिवृत्त झालं. नऊ वर्षांच्या आत निवृत्ती, आणि पेन्शनच्या नावाने शंख. ज्यांनी आयुष्याची मधली वर्षं त्यात काढली त्यांनी काय करायचं? नवं शिकायचं. या गावात नवं शिकणं हीच पेन्शन.

या सगळ्याच्या मुळाशी जी जावास्क्रिप्ट भाषा आहे, तिची जन्मकथा ऐकली की पुढच्याचं नवल वाटत नाही. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी मे १९९५ मध्ये ती दहा दिवसांत बनवली. आपल्याकडे दहा दिवसांत गणपती येऊन, मोदक खाऊन, विसर्जनही होतं. जावास्क्रिप्टचं तेवढं विसर्जन राहून गेलं. मग २००६ साली तिला माणसांत आणायला जेक्वेरी आली, २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट सगळ्यांना खुलं केलं, २०१४ मध्ये इव्हान यू यांचं व्ह्यू आलं. दहा दिवसांच्या कामाची डागडुजी तीस वर्षं चालू आहे, आणि त्या डागडुजीवर आऊटर रिंग रोडवरच्या निम्म्या काचेच्या इमारती उभ्या आहेत.

अशाच एका इमारतीत माझा भाचा कामाला आहे. थोरल्या ताईचा मुलगा, मूळ इचलकरंजीचा. एचएसआरमध्ये तो तीन मित्रांबरोबर राहतो. एक हुबळीचा, एक कोचीचा, एक पाटण्याचा. टू-बीएचके आहे आणि डिपॉझिट दहा महिन्यांच्या भाड्याचं. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे शहर पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजांनी म्हैसूरच्या वडियारांना तीन लाखांना द्यायला काढलं होतं म्हणतात. त्या तीन लाखांत आज इथे डिपॉझिट भागतं, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

भाचा नेमकं काय करतो, हे त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, बरीच वर्षं कळलेलं नाही. दाजींचा सुताचा व्यापार. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून त्या गावाला एकच प्रश्न माहीत आहे: आज किती मीटर निघालं? एकदा स्पीकरवर बाप-लेकांचं बोलणं चालू होतं आणि मी शेजारी बसून ऐकत होतो.

“पप्पा, आमची कंपनी अ‍ॅप बनवणाऱ्यांना अ‍ॅप बनवायला मदत करणारं अ‍ॅप बनवते.”

“म्हणजे तू कापड विणत न्हाईस. माग बनवतोस.”

“माग पण नाही. मागाचे पार्ट जुळवायचा पाना असतो ना, तो बनवतो.”

“बरं. ह्यो पाना घेतंय कोण?”

“दुसरे पाने बनवणारे.”

पलीकडे बराच वेळ नुसता सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचा आवाज येत राहिला. मग दाजी म्हणाले, “मग कापड कोण विणतंय रं?”

“ते असतात ना, सर्व्हिस कंपन्यावाले,” भाचा म्हणाला. पुणे-मुंबईकडचे जुने लोक ‘आमच्याकडे बाई येते स्वयंपाकाला’ ज्या सुरात सांगतात, अगदी त्या सुरात.

दाजींना खोटं वाटेल, पण पान्यांचा धंदा इथे खराच आहे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायचं दार म्हणजे एपीआय; ते तपासायचं पोस्टमन हे अवजार याच गावातलं. अभिनव अस्थाना यांनी २०१२ साली ते स्वतःच्या सोयीसाठी क्रोम ब्राउझरचं एक शेपूट म्हणून लिहिलं, दोन वर्षांनी त्याची कंपनी झाली आणि आज जगभरचे प्रोग्रॅमर ते वापरतात. डेटाबेसला आपोआप एपीआयचं तोंड लावून देणारं हसुरा, कंपन्यांची आतली बारकीसारकी अ‍ॅप जोडून देणारं अ‍ॅपस्मिथ, हीही इथलीच. जगाला अवजारं पुरवणं ही काही हलकी गोष्ट नाही. प्रश्न येतो तो ही अवजारं घरी आणल्यावर.

भाच्याच्या घरी ती आली पाण्याच्या टँकरमुळे. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या बोअरवेल आटल्या आणि टँकर हा प्रत्येक घराच्या जमाखर्चातला मानाचा रकाना झाला. चौघांपैकी जो जितके दिवस घरी, त्याने तितक्या प्रमाणात टँकरचे पैसे द्यायचे, असं ठरलं. हिशोब फ्रिजला अडकवलेल्या वहीत पेन्सिलीने चालायचा. चार माणसं, एक टँकर आणि चौथीतला भागाकार. पण घरात चार इंजिनिअर असताना पेन्सिलीने हिशोब करणं चौघांनाही अपमानाचं वाटलं. अ‍ॅप लिहायचं ठरलं, आणि ते कशात लिहायचं यावर बैठक बसली.

भाचा म्हणाला, रिअ‍ॅक्ट, आणि त्यावर नेक्स्ट. कोचीकर म्हणाला, व्ह्यू, कारण त्याची कागदपत्रं वाचताना माणसाने माणसासाठी लिहिल्यासारखी वाटतात. झेरोधाचं शेअर घेण्या-विकण्याचं काइटसुद्धा व्ह्यूमध्ये आहे, अशी त्याने साक्ष काढली. हुबळीकर स्वेल्टवाला. त्याचं म्हणणं, रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यू आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन ब्राउझरमध्ये येतात. स्वेल्ट आधीच सगळं वितळवून सुटसुटीत जावास्क्रिप्ट हातात देतं. पाटणेकर म्हणाला, साधं एचटीएमएलचं एक पान पुरे. यावर बाकीचे तिघे त्याच्याकडे असे बघायला लागले, की लग्नाच्या पंगतीत कुणीतरी घरचा डबा उघडला असावा.

शेवटी तडजोड निघाली. या तडजोडीला धंद्यात रीतसर नाव आहे: मायक्रो फ्रंटएंड. एकाच पानाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा ज्याने-त्याने आपल्या फ्रेमवर्कमध्ये लिहायचा. लॉगिन रिअ‍ॅक्टमध्ये, टँकरची यादी व्ह्यूमध्ये, भागाकार स्वेल्टमध्ये. पाटणेकराला डॉक्युमेंटेशन दिलं. मोठ्या कंपन्यांत शेकडो माणसं एकाच पानावर काम करतात तेव्हा ही पद्धत कामाला येते. इथे माणसं चारच होती, पण मतं शेकड्याने होती.

शुभारंभाच्या रात्री मी तिथे होतो, पोळ्या पोचवायला गेलो होतो. भाच्याने काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा दिली. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा सुरू झाला आणि इंटरनेटवरून पॅकेजं उतरायला लागली. पॅकेज म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी लिहून ठेवलेला कोडचा तुकडा. एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरी दोन लागतात, असं करत करत ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचं फोल्डर फुगत जातं. उतरणं संपल्यावर खाली दोन सूचना आल्या. काही पॅकेजांत सुरक्षेची भोकं आहेत, त्यातली काही गंभीर आहेत, ही पहिली. एवढी एवढी पॅकेजं आर्थिक मदतीच्या शोधात आहेत, ही दुसरी. भोकांबद्दल कुणी बोललं नाही. वर्गणीची पावती फाडायलाही कुणी पुढे झालं नाही. मग ब्राउझर उघडला. मधोमध एक चिन्ह आणि त्याखाली एक बटण. बटणावर लिहिलेलं: काउंट इज झीरो.

मी ते एकदा दाबलं. काउंट एक झाला.

“आणि टँकर?” मी विचारलं.

“मामा, तो पुढच्या स्प्रिंटमध्ये.”

या नोड मॉड्यूल्सचा जगाने एकदा जबरदस्त अनुभव घेतलेला आहे. २२ मार्च २०१६ रोजी अझर कोचुलू नावाच्या एका प्रोग्रॅमरचं एका पॅकेजच्या नावावरून वाजलं. त्याने रागाने आपली सगळी पॅकेजं सार्वजनिक कोठारातून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं एक होतं, अकरा ओळींचं. मजकुराच्या डाव्या बाजूला हवी तेवढी अक्षरं भरून त्याची लांबी सारखी करायची, एवढंच त्याचं काम. त्या अकरा ओळी गेल्या आणि जगभरचे मोठमोठे प्रकल्प उभे राहीनात; रिअ‍ॅक्टवाल्यांची अवजारंसुद्धा त्यावर टेकलेली निघाली. शेवटी कोठाराच्या मालकांनी ते पॅकेज परत आणून बसवलं. त्याच कोठारात ‘इज-इव्हन’ नावाचंही एक पॅकेज आहे. संख्या सम आहे का, हे ते सांगतं. कसं सांगतं? ‘इज-ऑड’ या दुसऱ्या पॅकेजला विचारतं की संख्या विषम आहे का, आणि उत्तर आलं की उलटं करून देतं. तहसील कचेरीतल्या कुठल्याही अनुभवी कारकुनाला ही कार्यपद्धती ओळखीची वाटावी.

खुद्द नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं अवजार, रायन डाल यांनी २००९ मध्ये केलं. २०१८ साली बर्लिनच्या एका परिषदेत उभं राहून त्यांनी आपल्याला नोडबद्दल वाटणाऱ्या पश्चात्तापांची यादी वाचली. नोड मॉड्यूल्स त्या यादीत होतंच. आपल्याकडे एवढा पश्चात्ताप झाला तर माणूस माळ घालतो, वारीला जातो. डाल यांनी त्याच भाषणात डेनो नावाचं नवं अवजार जाहीर केलं. नोडचीच अक्षरं, नुसती उलटापालट केलेली. पश्चात्तापालासुद्धा इथे पहिली आवृत्ती असते.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण कोचीकराला टँकरचं अ‍ॅप डेस्कटॉपवरही हवं होतं. त्यासाठी हल्ली इलेक्ट्रॉन वापरतात. गिटहबने आपल्या अ‍ॅटम नावाच्या एडिटरसाठी २०१३ मध्ये ते घडवायला घेतलं. युक्ती अशी, की वेबसाइट लिहायची, तिच्यासोबत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर बांधून द्यायचा आणि त्याला डेस्कटॉप अ‍ॅप म्हणायचं. स्लॅक तसंच, व्हीएस कोड तसंच, पोस्टमनही क्रोममधून बाहेर पडल्यावर तसंच. म्हणजे तुमच्या संगणकावर अशी पाच अ‍ॅप उघडी असली तर पोटात पाच ब्राउझर चालू असतात, आणि शिवाय तुम्ही स्वतः उघडलेला एक. रॅम कुठे जाते, हे गूढ त्यात आहे. ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला तो अ‍ॅटम एडिटर डिसेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आला. काम वारलं, अवजार मागे राहिलं आणि नांदतंय.

चौघांच्या भागाकाराला एक ब्राउझर जड होईल, असं हुबळीकराच्या लक्षात आलं. त्याने टाउरी सुचवलं. ते संगणकात आधीच असलेल्या ब्राउझरच्या खिडकीवर भागवतं, त्यामुळे अ‍ॅप हलकं होतं. फक्त ते रस्ट या भाषेत आहे. रात्री अकराला चौघांनी रस्ट शिकायला घेतलं. त्या महिन्याचा टँकर पाटणेकराने आपल्या खिशातून भागवला.

या मुलांना हसणं सोपं आहे, पण मोठ्यांनीही या गावात कमी कसरती केलेल्या नाहीत. मे २०१५ मध्ये मिंत्राने आपली वेबसाइटच बंद केली. यापुढे कपडे फक्त अ‍ॅपवर, वेबचे दिवस संपले, असा एकंदर सूर होता. जून २०१६ मध्ये ती वेबसाइट पुन्हा उघडली. फ्लिपकार्टनेही २०१५ मध्येच मोबाइलवरची साइट मिटवून सगळ्यांना अ‍ॅपकडे वळवलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्लिपकार्ट लाइट नावाने ती परत आणली, ब्राउझरमध्येच पण अ‍ॅपसारखी चालणारी. ती इतकी चांगली जमली, की जगभर तिचे दाखले दिले गेले. थोडक्यात, वेबचा अंत्यविधी आणि बारसं बेंगळुरूने एकाच वर्षात उरकलं.

शिवाय मुलांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांना नोकरी अवजाराच्या नावावरच मिळते. भरती करणाऱ्याच्या यादीत ‘टँकरचा हिशोब अचूक जमतो’ असा रकाना नसतो. ‘रिअ‍ॅक्ट, पाच वर्षं’ असा असतो. २०२० साली फास्टएपीआय या फ्रेमवर्कचे कर्ते सेबास्तियन रामिरेझ यांना एक जाहिरात दिसली. फास्टएपीआयचा चार वर्षांचा अनुभव हवा होता. त्यांनी स्वतः ते लिहून दीडच वर्ष झालं होतं, सबब ते त्या नोकरीला अपात्र ठरत होते. अशा बाजारात मुलगा टँकरचं अ‍ॅप स्वेल्टमध्ये लिहितो ते टँकरसाठी नसतं, पुढच्या मुलाखतीसाठी असतं. टँकर निमित्त.

अशा वातावरणात ताई आणि दाजी आले. येताना भडंगाची पिशवी, चटणीचा डबा आणि दाजींचा लॅपटॉप. कोल्हापूर ते बेंगळुरू या रात्रभराच्या प्रवासाबद्दल दाजी काही बोलले नाहीत. मॅजेस्टिक बसस्टँड ते एचएसआर या प्रवासाबद्दल ते अजून बोलतात.

दुपारी चहाला सगळे बसलेले असताना फ्रिजवरची वही दाजींच्या नजरेस पडली. शेवटची नोंद पाटणेकराच्या अक्षरात होती आणि पुढे प्रश्नचिन्ह. दाजींनी दोन-चार प्रश्न विचारले, लॅपटॉप उघडला आणि टॅली सुरू केली. माउस बॅगेतच होता, तो त्यांनी काढलाही नाही. चौघांच्या नावाची चार खाती, टँकरचं पाचवं. मग एफ सेव्हन दाबून जर्नल. उजव्या हाताची बोटं आकड्यांवर आणि डावा हात कंट्रोलवर. एकेक नोंद पुरी झाली की कंट्रोल ए, पुढची नोंद, पुन्हा कंट्रोल ए. पडद्याकडे ते बघतही नव्हते, वहीकडे बघत होते. शेवटी एस्केप, एस्केप, एस्केप. टॅलीने आपल्या जुन्या सभ्यतेने विचारलं, क्विट? येस ऑर नो? दाजींनी वाय दाबला आणि चहाचा कप उचलला.

“ह्या पाटण्याच्या पोराला तुमच्याकडनं येणं निघतंय,” ते म्हणाले. “देऊन टाका की. बरं दिसत न्हाई.”

चौघे गप्प. मग कोचीकराने इंग्रजीत विचारलं, हे कुठलं सॉफ्टवेअर?

ही खरी मौज होती. दाजींना टॅली मुंबईची वाटत होती, आणि मुलांना ती कुठली हा प्रश्न कधी पडलेलाच नव्हता. टॅली बेंगळुरूची. १९८६ सालची. श्यामसुंदर गोयंका यांचा कापडगिरण्यांना आणि कारखान्यांना माल पुरवण्याचा व्यवसाय होता. हिशोबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला सांगितलं. मुलगा गणिताचा पदवीधर. तेव्हाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला एक सांकेतिक आकडा द्यावा लागायचा आणि तो पाठ ठेवावा लागायचा. गोयंकांनी तो आकडाच काढून टाकला. खात्याचं जे नाव, तेच खातं. दिवाणजीला वहीत जसं दिसतं तसं पडद्यावर. पुढे भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या स्टँडसमोर बघा: एमएस-सीआयटी, टॅली, डीटीपी, टायपिंग तीस-चाळीस, असा बोर्ड असतोच. त्या बोर्डाखालून गेलेल्या मुला-मुलींनी किती दुकानांचे, पतसंस्थांचे आणि सूतगिरण्यांचे हिशोब सांभाळले आहेत त्याला गणती नाही. त्यांच्यातल्या कुणी स्टेट मॅनेजमेंटवर भांडण केल्याचं ऐकिवात नाही.

“आणि टॅलीलाही स्वतःची भाषा आहे,” मी मुलांना म्हणालो. “टीडीएल म्हणतात. तिच्यात टॅलीचा फॉर्म, रकाना, रिपोर्ट हवा तसा बदलून घेता येतो.”

“म्हणजे फ्रेमवर्कच की!” भाचा आनंदाने ओरडला. फ्रेमवर्क म्हटल्यावर टॅलीला त्याच्या घरात पाणी मिळालं.

इथे गोष्ट संपवली तर सगळे काका-मामा खूश होतील. जुनं ते सोनं, पोरं वाया गेली, वगैरे. पण मी दाजींना सहज विचारलं, “गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरवर नवी टॅली घातलीत का?” आणि दाजींचा चेहरा उतरला.

त्या गोडाऊनच्या ऑफिसात एक जुनं यंत्र आहे. विंडोज एक्सपी, टॅली सेव्हन पॉइंट टू. कोणे एके काळी जयसिंगपूरच्या एका मुलाने दाजींना बिमाप्रमाणे सायझिंगची मजुरी काढणारा एक रकाना टीडीएलमध्ये लिहून दिला. मुलगा पुढे दुबईला गेला. रकाना चालू आहे, तो कसा चालतो हे कुणाला माहीत नाही. त्या यंत्राला इंटरनेट जोडायचं नाही, त्याची जागा हलवायची नाही, त्याच्या खालची फरशी पुसायची नाही. दिवाणजी सकाळी त्याला उदबत्ती ओवाळून मगच बटण दाबतात. नवी टॅली दाजींच्या लॅपटॉपवर आहे, पण सायझिंगची मजुरी काढायची तर गोडाऊनलाच जावं लागतं. जीएसटी आला, नोटा बदलल्या, पार्ट्या बदलल्या, यंत्र तिथेच.

“पप्पा, मी दोन दिवसांत लिहून देतो ते नवीन,” भाचा म्हणाला.

“हात लावलास तर बघ,” दाजी म्हणाले.

मुलगा दर महिन्याला सगळं पाडून नव्याने बांधतो. बाप वर्षानुवर्षं विटेला हात लावू देत नाही. दोघेही एकमेकांना वेडा समजतात, आणि मला विचाराल तर दोघांचं दुखणं एकच आहे. दोघेही अवजारात राहायला गेले आहेत. एक भाड्याने, दुसरा कुळकायद्याने.

म्हणून मग चहाचा दुसरा घोट घेत मी त्यांना याच गावातली एक गोष्ट सांगितली. इस्रोने १९८१ साली अ‍ॅपल नावाचा उपग्रह तयार केला. भूस्थिर कक्षेत जाणारा भारताचा पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह. त्याच्या अँटेनाची चाचणी बेंगळुरूत उघड्यावर घ्यायची होती, आणि चाचणीच्या वेळी आसपास धातूचं काही नको होतं, नाहीतर लहरी बिघडतात. ट्रक म्हटला की लोखंड आलं. शास्त्रज्ञांनी सरळ एक बैलगाडी भाड्याने आणली. दीडशे रुपये दिले म्हणतात. लाकडी गाडी, वर कोट्यवधींचा उपग्रह, असा तो फोटो जगभर गाजला. लोकांना तो आपल्या गरिबीचा वाटला, पण ती गरिबी नव्हती. कामाला काय लागतं ते आधी ठरलं होतं, गाडी नंतर आली. त्याच वर्षीच्या १९ जूनला अ‍ॅपल फ्रेंच गयानातून एरियन रॉकेटने अवकाशात गेला आणि कामाला लागला.

“सांगायचा मुद्दा असा,” मी म्हणालो, “की चाचणी झाल्यावर त्यांनी गाडी परत केली. इस्रोतला एकही शास्त्रज्ञ नंतर ‘मी सध्या बैलगाडीत असतो’ असं म्हणाला नाही. आणि कुणी ती गाडी प्रयोगशाळेत ठेवून तिला रोज उदबत्तीही ओवाळली नाही.”

दाजी खाली बघून भडंगातले शेंगदाणे वेचत राहिले. ताई म्हणाली, “बरं झालं कुणीतरी बोललं.” भाच्याच्या डोळ्यांत मात्र एक वेगळीच चमक आली. तेव्हा मला वाटलं, मुद्दा पोचला.

पोचला होता. पंधरवड्याने त्याने आम्हा सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली. चौघांनी मिळून एक नवं फ्रेमवर्क खुलं केलं होतं. नाव ‘बैलगाडी’. वेब आणि डेस्कटॉप दोन्हींसाठी, वजनाला हलकं, दुसऱ्या कुठल्याही पॅकेजवर न टेकणारं. पाटणेकराने डॉक्युमेंटेशन इतकं सुरेख लिहिलं होतं की वाचूनच वापरावंसं वाटावं. चिन्हात लाकडी चाक, आणि खाली घोषवाक्य: आधी काम, मग गाडी. गिटहबवर तारे पडायला लागले होते आणि कुणा अनोळखी माणसाने पहिली तक्रारही नोंदवली होती, की हे रस्टमध्ये का नाही.

दाजींनी लिंक उघडली, चिन्ह मोठं करून बघितलं आणि लगेच फोन लावला.

“आरं, गाडी झकास हाय. पण बैल कुठायत?”

“पप्पा,” भाचा म्हणाला, “बैल व्हर्जन टूमध्ये येणार.”